परीक्षा ‘गिव्ह’ करतात ते मास्तर

अप्पा बळवंत चौकात ‘रोजचे हजार इंग्रजी शब्द’ छापाची पुस्तकं ढिगानं मिळतात. घ्यायची तर घ्या, पण पुण्यातल्या पोरापोरींना शब्द कमी पडत नाहीत. सेमिस्टर, इंटर्नशिप, पॅकेज, नोटीस पीरियड हे मराठी बोलतानाही तोंडी असतंच. अडतं ते क्रियापदावर.

आपण परीक्षा देतो, म्हणून ‘गिव्ह ॲन एक्झाम’ निघतं. इंग्रजीत पेपर लिहिणारा परीक्षा ‘टेक’ करतो, ‘गिव्ह’ करतात ते मास्तर. निर्णय आपण ‘घेतो’. ब्रिटिश वळणात ‘टेक अ डिसिजन’ चालतं, पण ‘मेक’ सगळीकडे चालतं, तेच पक्कं करा. ‘अवलंबून आहे’मधला ‘आहे’ तर हटकून घुसतो आणि ‘इट इज डिपेंड’ होतं. नुसतं ‘इट डिपेंड्स’ म्हणायचं.

म्हणून सुटा शब्द पाठ करू नका, वाक्य करा. ए-फोर कागदाचे आठ तुकडे पाडा. पुढे मराठी वाक्य, मागे इंग्रजी, क्रियापदाखाली रेघ. रोज पाचच कार्डं. वीस केली की चौथ्या दिवशी उजळणी तुंबते आणि गठ्ठा ड्रॉवरमध्ये जातो. दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी तेच कार्ड पुन्हा, मागची बाजू न बघता, मोठ्यानं.

एक कार्ड बघा. पुढे: ‘ऑफर शुक्रवारपर्यंत आहे, मला शुक्रवारपर्यंत ठरवायचंय.’ मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’. इंग्रजीत ऑफर ‘टिल फ्रायडे’, कारण ती तोवर चालू राहते. ठरवायचं मात्र ‘बाय फ्रायडे’, कारण ते त्याआधी कधीही एकदाच उरकतं. दुसऱ्या जागी ‘टिल’ म्हटलंत, तर शुक्रवार उजाडेस्तोवर तुम्ही ठरवतच बसणार, असा अर्थ निघतो. (ते खरंही असेल म्हणा.)

काही शब्द आपल्याकडे खपतात, बाहेर नाही. ‘आय पास्ड आउट इन 2022’ ऐकून परदेशी माणूस तुम्ही बेशुद्ध पडलात असं समजेल, ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा. ब्रिटनमध्ये ‘फ्रेशर’ म्हणजे विद्यापीठातला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, नोकरी शोधणारा नव्हे. एटीकेटी, म्हणजे काही विषय राहूनही पुढच्या वर्षात जाणं, तर सरळ फोड करूनच सांगा. ‘वर्क’ला ‘अ’ लावायचा नाही, ‘जॉब’ला लावायचा.

उच्चारासाठी फोनचा रेकॉर्डर पुरतो, एका वेळी एक मिनिट. ‘करिअर’ म्हणताना जोर ‘रि’वर हवा. तो पहिल्या अक्षरावर गेला की ऐकणाऱ्याला ‘कॅरिअर’ ऐकू येतं आणि मुलाखतीत तुम्ही डब्याच्या भवितव्याबद्दल बोलत राहता. रेकॉर्डिंग लगेच ऐकू नका. दुसऱ्या दिवशी ऐका, तेव्हा चूक कानाला टोचते.