मावशी आणि माहीमचा बुधवार

आज मावशीला घेऊन माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला गेले. चौदा वर्षांनी ती चर्चची पायरी चढली.

घटस्फोट झाला तेव्हा तिच्या पॅरिशमधल्या, म्हणजे तिच्या भागातल्या चर्चमधल्या, एका जाणत्या बाईंनी तिला कम्युनियनच्या, म्हणजे प्रार्थनेतल्या पवित्र भाकरीच्या प्रसादाच्या, भर रांगेत थांबवलं होतं. "आता तू कम्युनियन घेऊ नकोस." सगळ्यांच्या देखत. मावशी मागे फिरली ती फिरलीच. खरं तर कॅथलिक नियमांत नुसत्या घटस्फोटानं कम्युनियन बंद होत नाही. पहिलं लग्न चर्चनं रद्दबातल ठरवलेलं नसताना दुसरं केलं, तर प्रश्न येतो. मावशीनं दुसरं लग्न केलंच नाही. एका चुकीच्या वाक्यापायी एवढी वर्षं गेली!

बसमध्ये म्हणाली, "ते वाक्य मी विसरलेही असते गं. पण नंतर कुणी दारसुद्धा वाजवलं नाही." मला बोलता येईना. मी तर घरातलीच, मीही कधी विचारलं नव्हतं.

माहीमच का, तर इथे तिला कुणी ओळखत नाही. 1948 पासून दर बुधवारी इथे नोव्हेना होते. हिंदू, मुसलमान, सगळेच येतात, बाहेरून नवसाची मेणाची घरं, मेणाचे हातपाय घेऊन. तुझं लग्न टिकलं का, हे कुणी विचारत नाही. मावशीनं एकच मेणबत्ती घेतली.

कम्युनियनच्या वेळी मी तिच्यापुढे हात केला. ती बाकावरच बसून राहिली, पण माझा हात तिनं सोडला नाही.

पुढच्या बुधवारी मी पुन्हा तिच्या दारात जाणार आहे.