जिथे सगळ्यांना जाळतात तिथे झोंबी येतात कुठून? जपानच्या रक्तबंबाळ पिक्चरबद्दल

जपानी झोंबी पिक्चर लावला की मला पहिला प्रश्न हाच पडतो की ही मेलेली माणसं उठणार तरी कुठून, कारण या देशात जवळपास प्रत्येकाचं दहन होतं. 99.9 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आपल्यापेक्षाही जास्त. कायद्याने दफनाला सरसकट बंदी आहे असं नाही, पण करत कोणी नाही. उलट 1873 मध्ये मेइजी सरकारने दहनावरच बंदी घातली होती आणि 1875 मध्ये ती मागे घ्यावी लागली, शहरांमध्ये पुरायला जागाच पुरेना. दहन झालं की घरचे लोक चॉपस्टिक्सने अस्थी उचलतात, पायाकडून सुरुवात करून डोक्यापर्यंत, म्हणजे कलशात माणूस उभा राहतो. आपल्याकडे राख सावडतात ना, तसंच. म्हणूनच इथे जेवताना एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही, इकडे नवीन आलेल्या प्रत्येक भारतीयाला हे कोणीतरी हळू आवाजात सांगतंच.

तर मग अमेरिकन पिक्चरमध्ये असतं तसं थडग्याची माती फोडून हात बाहेर येणं इथे शक्यच नाही. कलशातली हाडं कशी चालणार? आणि इथेच मला हे स्वस्तातले जपानी झोंबी पिक्चर आवडायला लागले, कारण प्रत्येक दिग्दर्शकाला आधी हा प्रश्न सोडवावा लागतो आणि त्याची उत्तरं एकाहून एक भारी आहेत.

र्युहेइ कितामुराचा 'व्हर्सस', साल 2000. पूर्ण पिक्चर एका जंगलात, सेट नाही, घर नाही, झाडं आणि माणसं एवढंच. या जंगलात याकुझा गँगवाले वर्षानुवर्षं खून करून प्रेतं गुपचूप पुरत आलेत, आणि जंगल असं की तिथे मेलेला परत उठतो. म्हणजे उठतात कोण तर ज्यांना याच लोकांनी मारलं ते. आणि ते नुसते हात पुढे करून चालत नाहीत, पिस्तुलं काढून गोळ्या झाडतात! झोंबी गोळीबार करतायत हे पहिल्यांदा बघताना मी खुर्चीत सरळ उठून बसलो होतो. पाच वर्षांनी, 2005 मध्ये आलेला साकिची सातोचा 'टोकियो झोंबी' (युसाकू हानाकुमाच्या मांगावरून, म्हणजे जपानी कॉमिकवरून केलेला आहे) त्याच्याही पुढे जातो. त्यात टोकियोच्या कचऱ्याचा एक प्रचंड डोंगर आहे, नाव काळा फुजी, आणि लोक तिथे टीव्ही फ्रिज टाकतात तशी नको असलेली माणसंही नेऊन पुरतात. फायर एक्स्टिंग्विशरच्या कारखान्यातले दोन कामगार आपल्या साहेबाला मारून तिथेच पुरतात, आणि मग डोंगरातून मढी बाहेर यायला लागतात. उत्तरार्धात तर श्रीमंत लोक भिंतीआड राहतायत आणि गरिबांना आखाड्यात झोंबींशी लढवून मजा बघतायत. पैसे कमी असल्याचं दर फ्रेममध्ये दिसतं पण विचार बघा किती करकरीत आहे.

मला या दोन्ही पिक्चरमधली जी गोष्ट लागते ती ही की ज्याचं रीतसर काही झालंच नाही तोच परत येतो. ज्याला अग्नी मिळाला, ज्याच्या अस्थी घरच्यांनी उचलल्या, तो शांत आहे. ज्याला रात्री खड्डा खणून ढकललं तो उठतो. हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला लागत नाही, क्रियाकर्म नीट झालं नाही की माणूस अडकतो हे आपण आज्जीकडून ऐकतच मोठे झालोय, त्यामुळे हॉलिवूडच्या व्हायरसवाल्या झोंबींपेक्षा हे जपानी झोंबी मला जास्त जवळचे वाटतात, खरंच वाटतात.

व्हायरसवाले इथेही आहेतच. 1996 मध्ये ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीने 'बायोहझार्ड' हा गेम काढला (आपण त्याला रेसिडेंट ईव्हल म्हणतो) आणि गेममधल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेतून निसटलेला झोंबी घराघरात पोचला, त्याच पिढीतली पोरं पुढे कॅमेरे घेऊन निघाली. आणि ज्यांना थडगंही नको आणि प्रयोगशाळाही नको त्यांच्यासाठी आकाश मोकळं! 'वाइल्ड झीरो' (1999) मध्ये परग्रहावरच्या तबकड्या येतात आणि माणसांचे झोंबी होतात, आणि जगाला वाचवतो कोण तर गिटार वुल्फ नावाचा खराखुरा जपानी रॉक बँड. त्यात हिरोचं जिच्यावर प्रेम बसतं ती ट्रान्स आहे, आणि एवढ्या गोंधळात, डोकी फुटत असताना, पिक्चर त्या प्रेमाची एकदाही टिंगल करत नाही. 1999 साली! मोठ्या बजेटच्या पिक्चरला तेव्हा हे जमत नव्हतं.

आता रक्ताबद्दल बोलू, कारण खरी ओळख तीच. मान उडाली की रक्त ओघळत नाही, कारंजं उडतं, छतापर्यंत, आणि थांबत नाही. एका माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त असतं पण या पिक्चरमध्ये एका हातातून टाकीभर निघतं. बाहेरच्यांना वाटतं हे काहीतरी अलीकडचं खूळ आहे, तसं अजिबात नाही. अकिरा कुरोसावाच्या 'सान्जुरो' (1962) च्या शेवटच्या द्वंद्वात कपड्याखालच्या नळीतून दाबाने सोडलेल्या रक्ताचा फवारा आहे, पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट असूनही अंगावर येतो. त्याच्याही शंभर वर्षं मागे गेलात तर 1866-67 मध्ये योशितोशी आणि योशिइकू या दोघा चित्रकारांनी खुनांची 28 चित्रांची मालिका केली होती, त्यात लाल रंगात सरस मिसळला होता, रक्त गोठल्यासारखं चमकावं म्हणून. रक्त चांगलं दिसलं पाहिजे ही इथली जुनी कारागिरी आहे.

आणि आजच्या कारागिरांत माझा सगळ्यात लाडका योशिहिरो निशिमुरा. 2008 चा 'टोकियो गोर पोलीस' त्याचा, पण झोंबीवाला म्हणजे 'हेलड्रायव्हर' (2010). अवकाशातून राख पडते, उत्तर जपानमधली माणसं झोंबी होतात, कपाळावर शिंगं फुटतात, देशाच्या मधोमध भिंत उभी राहते, आणि मग पार्लमेंटमध्ये वाद की झोंबी हे मतदार आहेत का, त्यांना मानवी हक्क आहेत का. शिंगांची पावडर करून नशा म्हणून विकतात. हिरोइनच्या छातीत नकली हृदय, आणि त्याच्यावरच चालणारी चेनसॉची तलवार. हातपाय जोडून बनवलेली गाडी आहे, हो, झोंबींच्या अवयवांची गाडी, आणि ती पळते! हे सगळं मार्च 2011 च्या आधी तयार झालंय. नंतर फुकुशिमाच्या अणुभट्टीचा अपघात झाला, उत्तरेकडची गावं रिकामी झाली, तिथे जायला बंदी आली, आणि आज तो पिक्चर बघताना पोटात वेगळंच काहीतरी होतं.

निशिमुरा मुळात मेकअप आणि रबराचे अवयव बनवणारा माणूस, सगळं हाताने. हाच माणूस पुढे 2016 च्या 'शिन गॉडझिला' मध्ये स्पेशल मेकअप आणि मॉडेलच्या कामात मोठ्या जबाबदारीवर होता, म्हणजे रबराच्या आतड्यांवर शिकलेलं कुठे पोचलं बघा. त्याची सुरुवात झाली होक्काइदोतल्या युबारीच्या फिल्म फेस्टिव्हलमध्ये, 1995 मध्ये तिथे त्याच्या एका छोट्या पिक्चरला बक्षीस मिळालं आणि त्याच कल्पनेतून पुढे 'टोकियो गोर पोलीस' झाला. युबारी हे कोळशाच्या खाणींचं गाव, खाणी बंद पडल्या, 2007 मध्ये नगरपालिका अधिकृतपणे दिवाळखोर ठरली, फेस्टिव्हलचे पैसे गेले, आणि पुढच्याच वर्षी गावातल्या लोकांनीच तो परत उभा केला. बर्फात, थंडीत, म्हातारी माणसं स्वागताला उभी आणि स्क्रीनवर आतड्यांचा पाऊस. मला या गावाबद्दल फार प्रेम आहे.

एक गैरसमज मात्र काढतो. पुण्यातल्या मित्रांना वाटतं सगळे जपानी रोज हेच बघतात. माझ्या ऑफिसातल्या कितीतरी जणांनी यातली नावंही ऐकलेली नाहीत. निक्कात्सु हा 1912 पासूनचा स्टुडिओ, त्यांनी 2010 मध्ये या पिक्चरसाठी 'सुशी टायफून' नावाचं लेबल काढलं ते मुख्यतः परदेशी प्रेक्षकांकडे बघूनच. त्यामुळे कधीकधी वेडेपणा हा ऑर्डर दिल्यासारखा येतो, गोऱ्यांना जपान असंच विचित्र हवंय ना, मग घ्या, असा. तो मला आवडत नाही. आणि शाळेच्या गणवेशातल्या मुलींकडे कॅमेरा ज्या नजरेने बघतो ती नजर तर मला अजिबात मान्य नाही, काही पिक्चर मी त्यासाठी अर्ध्यावर बंद केलेत. नोबोरु इगुचीचा संडासातल्या झोंबींवरचा एक आहे, 2011 चा, तो नाही बघितला तरी चालेल.

बघायचे कुठे? मी राहतो निशिकासाईला, जिथे टोकियोतले बरेच भारतीय राहतात, आणि तिथून इकेबुकुरोला जायला तसा फार वेळ लागत नाही. तिथलं सिनेमा रोसा, शिंजुकूचं केज सिनेमा अशी छोटी थिएटर्स, रात्रीचा शेवटचा शो. पडद्यावर डोकं फुटतंय आणि हॉलमध्ये पूर्ण शांतता, हसले तरी हळू. पिक्चर संपला की शेवटची पाटी जाईपर्यंत कोणी उठत नाही, सगळ्या नावांसाठी बसतात, लाइट लागले की मगच. बऱ्याचदा दिग्दर्शक आणि नट स्वतः बाहेर उभे असतात, माहितीपुस्तिकेवर सही करून देतात, वाकून आभार मानतात. मगाशी ज्याने कोणाचं तरी आतडं खाल्लं तो माणूस दोन्ही हातांनी तुमच्याकडून पेन घेतो आणि विचारतो, ट्रेन चुकणार नाही ना?

याच दोन थिएटरमध्ये 23 जून 2018 ला शिनइचिरो उएदाचा 'वन कट ऑफ द डेड' लागला होता. बजेट 30 लाख येन, टोकियोतल्या अभिनय शिकवणाऱ्या एका संस्थेच्या वर्कशॉपमधून बनलेला, नट कोणालाच माहीत नसलेले, जागा म्हणजे इबाराकीतला एक बंद पडलेला पाण्याचा प्लांट, आणि सुरुवातीलाच 37 मिनिटांचा एकच न तोडलेला शॉट. लोकांनी एकमेकांना सांगत सांगत तो पिक्चर देशभर नेला आणि त्याने 3 अब्ज येनच्या वर धंदा केला, म्हणजे बजेटच्या हजार पट. लोकांना वाटतं हा नशिबाचा खेळ, मला नाही वाटत. कमी पैशात, घामाघूम होऊन, नळ्या पंप बादल्या सांभाळत रात्रभर शूट करणाऱ्या माणसांबद्दलच तो पिक्चर आहे, आणि ज्यांनी हे खरंच केलंय त्यांनीच तो बनवलाय. वीस वर्षं या जंगलातल्या आणि गोडाऊनमधल्या पिक्चरांनी जे केलं ते तिथे एका जागी दिसतं.

आपल्याकडे 2022 मध्ये 'झोंबिवली' आला तेव्हा मला फार आनंद झाला होता, डोंबिवलीत झोंबी, बिल्डर आणि वस्तीतले लोक, अगदी योग्य जागा. तो ज्यांना आवडला त्यांनी 'टोकियो झोंबी' पासून सुरुवात करा, मारामारी आवडत असेल तर 'व्हर्सस', आणि 'हेलड्रायव्हर' घरात लहान मुलं झोपल्यावरच. 'वन कट' सगळ्यांनी बघा, आईबाबांनाही दाखवा, त्यात रक्त त्या मानाने कमी आहे. पहिली 37 मिनिटं काहीतरी चुकतंय असं वाटेल, नट मधेच थांबतील, उगाच गप्पा मारतील, तरी बंद करू नका आणि त्याआधी नेटवर त्याच्याबद्दल काहीही वाचू नका.