घंटी, पिन आणि वाटेतला काटा

रविवार, रात्री

आज 'रास्ते का काँटा' पुन्हा पाहिला. दूरदर्शनवर १९९३ मध्ये आलेल्या बासू चटर्जींच्या 'ब्योमकेश बक्शी' मालिकेतला भाग. रजित कपूर गुप्तहेर ब्योमकेश, के. के. रैना त्याचा मित्र अजित. (रहस्य पुढे फोडलं आहे.)

कलकत्त्याच्या भर रस्त्यात माणसं कोसळतात आणि काळजात ग्रामोफोनची पिन सापडते. बंदुकीचा आवाज मात्र कुणालाच आलेला नसतो. लहान वयात सगळी भुरळ पिनेची पडते. ती निवडही पक्की आहे म्हणा. पोलादी पिन तबकडीची एक बाजू वाजवली की टाकून द्यायची, म्हणून दोनशे-दोनशेच्या डब्या घरोघर. विकत घेणारा कुणाच्या लक्षात राहणार?

पण आता मन रमलं ते सायकलच्या घंटीत. पिन उडवणारी स्प्रिंग तिच्यातच. घंटी वाजली की खटक्याचा आवाज त्यात बुडतो, पायी चालणारा मान वर करून समोर बघतो, म्हणजे छाती आपसूक नेमावर येते, आणि सायकलवाला पुढे निघून गेला तरी कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पळून जाणं हेच त्याचं रोजचं जाणं!

यंत्र म्हणून मात्र ते पटत नाही. पिन जेमतेम दीड सेंटीमीटर, वजन पाव ग्रॅमच्या आत. छऱ्याच्या बंदुकीचा साधा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, आणि त्याला ढकलायला हातभर नळी नि दणकट स्प्रिंग लागते. घंटीची वाटी पाच-सहा सेंटीमीटरची. आत तिचेच दाते नि चकत्या. स्प्रिंगला उरणार बोटाच्या पेरापेक्षा थोडी जास्त जागा. बरं, पिनेला शेपूट नाही. एअरगनच्या डार्टला मागे केसांचा झुपका असतो तो टोक पुढे राहावं म्हणून. नाहीतर हवेत कोलांटी. आडवी लागलेली पिन सदऱ्यातच अडकेल. सरळ गेली तरी वाटेत बरगडी आहेच.

गंमत म्हणजे कथेतही नेम एकदा फसतोच. आशुबाबू नावाच्या गृहस्थांच्या खिशातल्या घड्याळात पिन रुतते, ते वाचतात, आणि घंटी ऐकू आल्याचं सांगायला माणूस उरतो.

गिऱ्हाईक गाठायला मारेकरी वर्तमानपत्रात जाहिरात देतो, ती युक्ती याहून सरस. वाटेतला काटा काढायचा असेल तर शनिवारी संध्याकाळी साडेपाचला व्हाइटवे लेडलॉच्या दुकानाच्या कोपऱ्यावर दिव्याच्या खांबाला हात लावून उभं राहा. गर्दीत धक्का लागतो, खिशात चिठ्ठी पडते. मारेकऱ्याला गिऱ्हाईक दिसतं, गिऱ्हाइकाला मारेकरी नाही. इथे कुठलीही स्प्रिंग लागत नाही, म्हणूनच ही आजही चालेल असं वाटतं.

मूळ कथाकार शरदिंदू बंद्योपाध्याय १९५२ पासून पुण्यात राहायचे. ही कथा त्याच्या कितीतरी आधीची.

आणि ब्योमकेशचा उतारा? छातीवर बांधलेली चिनी मातीची बशी. गुळगुळीत, कडक, पिनेला टोक रोवायला जागाच नाही. अख्ख्या कथेत हिशेबाला सगळ्यात चोख उतरलेली वस्तू तीच.