रजिस्टरमधला नावाचा रकाना

शनिवारची सकाळची शाळा सुटली की खोली मोकळी मिळते, म्हणून आम्ही अकराला पोचलो. आर्णी तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. देणगीत आलेले दहा जुने संगणक, कोअर टू ड्युओचे, २ जीबी रॅमचे. त्यांवर डेबियन १२ ही ऑपरेटिंग सिस्टिम बसवायची होती. सोबत दोघं: पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेले आमचे सर आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक पोरगा. अंदाज चार तासांचा होता, लागले सात. त्यातला दीड तास तर निव्वळ नावात गेला.

दहापैकी आठ सुरू झाले. रॅमचे दात खोडरबराने घासल्यावर त्यातले तीन बोलू लागले. उरलेल्या दोघांचे पॉवर सप्लाय गेले होते, ते बाजूला ठेवले. सगळ्यांचे सीआर २०३२ सेल (मदरबोर्डवरचं घड्याळ चालू ठेवणारे) मेलेले. हा सेल दहा-वीस रुपयांची वस्तू म्हणून लोक सोडून देतात, मग घड्याळ मागे जातं आणि इंटरनेटवरून प्रोग्रॅमचं पॅकेज आणायला गेलं की ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ अशी तक्रार येते. माणूस इंटरनेटला शिव्या देतो, दोष तारखेचा असतो. आधी सेल, मग बायोसमध्ये (यंत्र चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) तारीख, मगच इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह.

पहिल्या यंत्रावर पेनड्राइव्ह लावला आणि वाद तिथेच सुरू झाला. शाळेकडे रिअलटेक चिपचे दोन वाय-फाय डोंगल होते. त्यांना फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम, लागतं आणि ते बंदिस्त आहे, म्हणजे वापरा, पण आत काय आहे ते विचारू नका. पूर्वी डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये असलं काही नसायचं. २०२२ मध्ये डेबियनवाल्यांनी मतदान घेऊन ते घालायचं ठरवलं आणि २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून गरज दिसली की इन्स्टॉलर ते आपणहून बसवतो. नको असेल तर बूटच्या ओळीत ‘firmware=never’ असं टाकावं लागतं. सरांनी नेमकं तेच टाकलं. अर्थात डोंगल मुकं.

पोरगा म्हणाला, “सर, बायोस तरी कुठं खुला आहे? तो चालतो, मग हे का नाही?”

“बायोस आधीपासून बसलेला आहे. माझ्या हातानं नवं बंदिस्त काही जाणार नाही.”

दोघांचंही खरं होतं. माझ्या पिशवीत एक एआर ९२७१ चिपचा जुना डोंगल निघाला. त्याचं फर्मवेअर मुक्त आहे, डेबियनच्या मुख्य भांडारातच मिळतं. तो एका यंत्राला लावून फोनच्या हॉटस्पॉटला जोडला, आठ पोर्टच्या स्विचमध्ये सगळ्यांच्या केबल खुपसल्या आणि त्या यंत्राच्या वायर्ड जोडणीत आयपीव्ही४ ची पद्धत ‘इतर संगणकांसोबत सामायिक’ केली. बाकी सातांना १०.४२.० ने सुरू होणारे पत्ते आपोआप मिळाले. मिळाले नाहीत तर डीएनएसमॅस्क-बेस हे पत्ते वाटणारं पॅकेज राहिलंय का ते बघावं. शिफारशीची पॅकेजेस वगळून बसवलं की हेच राहून जातं. हा डोंगल नसता तर मी पोराच्या बाजूने गेलो असतो, हेही सांगून टाकतो.

मुख्याध्यापकांनी डेड स्टॉक रजिस्टर उघडलं. “सॉफ्टवेअरचं नाव काय लिहू?”

पोरगा: “लिनक्स.” सर: “ग्नू/लिनक्स.”

सरांचं म्हणणं जुनंच आहे. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम जाहीर केली. शेल, कंपायलर, सी लायब्ररी हे सगळं लिहून झालं, कर्नल, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा गाभा, तेवढं राहिलं. ते १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांच्याकडून आलं, आणि अख्ख्या घराला शेवटी आलेल्याचं नाव पडलं. पोराचं उत्तर: या पडद्यावर दिसणारं एक्सएफसीई डेस्कटॉप ग्नूचं नाही, लिब्रेऑफिस नाही, मग तिरकी रेघ किती जणांसाठी मारायची? सरांनी टर्मिनलमध्ये यूनेमला प्रणालीचं नाव विचारून दाखवलं. उत्तर आलं, ‘ग्नू/लिनक्स’. पण यूनेम हा प्रोग्रॅमच ग्नूचा, म्हणजे साक्षीदार पक्षकाराचा सख्खा भाऊ. तरी सरांचा एक मुद्दा मला पटतो: मुख्याध्यापकांच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्स कर्नलच आहे, ग्नू नाही. नुसतं ‘लिनक्स’ म्हटलं तर दोन्ही एकच ठरतात.

तोवर मुख्याध्यापकांनी स्वतःच लिहून टाकलं: ‘फुकट सॉफ्टवेअर’. सर उठूनच उभे राहिले.

इंग्रजीत फ्री म्हणजे फुकटही आणि स्वतंत्रही. धंदेवाल्यांचा त्यातून गैरसमज होतो म्हणून १९९८ मध्ये ख्रिस्तीन पीटरसन यांनी ‘ओपन सोर्स’ हा शब्द सुचवला, आणि स्टॉलमन यांचा त्यावर आक्षेप असा की सोयीच्या नादात स्वातंत्र्याचा मुद्दाच गळाला. आपल्याकडे मात्र फ्री सॉफ्टवेअरला ‘मुक्त सॉफ्टवेअर’ म्हणतात आणि ओपन सोर्सलाही ‘मुक्त स्रोत’च. तिकडचं भांडण ज्या दोन शब्दांवर उभं आहे, ते मराठीत एकाच शब्दात बुडतात. आपली अडचण निराळी, ती फुकटची.

आणि ती शिपाईमामांनी बरोबर पकडली: “फुकटचं हाय, तं बिघडल्यावर कोनाले बोलवाचं?”

एवढ्या वादात कामाचा प्रश्न हा एकच होता. उद्या जो दुरुस्तीला येईल त्याला ना लिनक्स पुरतं, ना ग्नू/लिनक्स. त्याला वितरण (कर्नल आणि बाकी प्रोग्रॅम बांधून दिलेला संच, इथे डेबियन) आणि आवृत्ती लागते. ३२ बिटचं यंत्र असेल तर फारच, कारण २०२५ मध्ये आलेलं डेबियन १३ त्यावर नव्याने बसवता येत नाही. म्हणून रजिस्टरात मी लिहवून घेतलं: ‘डेबियन १२, ६४ बिट. किंमत ०. परवाना जीपीएल व इतर मुक्त परवाने. कितीही यंत्रांवर बसवण्यास, प्रती वाटण्यास मुभा.’ ‘फुकट’वर रेघ मारून मुख्याध्यापकांनी बाजूला सही केली.

यंत्रांवर चिकटवायच्या पट्ट्या त्या दोघांनी वाटून घेतल्या होत्या. निघताना मोजल्या: पाचांवर ‘ग्नू/लिनक्स’, तिघांवर ‘लिनक्स’. डोंगलवालं यंत्र पोराच्या वाट्याला आलं होतं.