मस्टँगचे टायर: मागची बाजू का निघत होती ते सापडलं एकदाचं

मंडळी, मागच्या वेळी चारी पीएस४एस (मिशेलिनचे पायलट स्पोर्ट ४एस टायर) बसले म्हणून कुंदा वाटायच्या थाटात लिहिलं होतं. त्यानंतर तीन आठवडे गप्प होतो कारण सांगायची लाज वाटत होती. नव्या टायरवर गाडी जुन्या टकल्या पिरेलीच्या पी झिरोंपेक्षा जास्त घसरत होती. होय, जास्त.

झालं असं की बसवल्यावर पहिले अडीच-तीनशे किलोमीटर सुनेसारखी चालवली, साच्यातून टायर सुटावा म्हणून जे लावतात त्याचा पातळ थर वर असतो तो झिजेपर्यंत जोर लावायचा नाही एवढं आता आपल्याला पाठ आहे. मग एका संध्याकाळी वळीव नुकताच पडून गेलेला, आमच्या बेळगावजवळ काकतीच्या अलीकडं सर्व्हिस रोडवरनं हायवेला लागत होतो, दुसरा गिअर, स्पीड पन्नासच्या आत, पाव थ्रॉटल दिला असेल नसेल आणि शेवाळलेल्या पायरीवरनं चप्पल निघावी तशी मागची बाजू अलगद डावीकडं निघाली. ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाक घसरलं की इंजिनला आवरतो तो) दिवा फडफडला, गाडी आपली आपण सरळ झाली, मागच्या टँकरवाल्यानं लांब हॉर्न मारून माझा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी कोरड्या रस्त्यावर बघितलं तर तिथंही दिवा लुकलुकतोय. जिथं जुने टायर मुकाट चावून बसायचे तिथं हे नवे नाचायला लागलेले.

पहिल्यांदा अर्थातच टायरला शिव्या. "२०० ट्रेडवेअरचा घे म्हणून सांगितलं होतं" (बाजूवरचा हा आकडा कमी तेवढी पकड जास्त असं मानतात) असं म्हणणारे तुमच्यातले तिघं डोळ्यासमोर आले. मी पण रात्री दीड वाजेपर्यंत बसून योकोहामाच्या ॲडव्हान निओवा एडी०९ चे साईज बघत होतो, चारी मिशेलिन निम्म्या किमतीला कुणाला तरी गळ्यात घालायचे आणि सेमी-स्लिककडं, म्हणजे रेसच्या जातीच्या उथळ खाचांच्या टायरकडं, जायचं असं जवळजवळ ठरलंच होतं. सकाळी डोकं ताळ्यावर आलं. ट्रेडवेअरचा आकडा झिजण्याचा आहे, पकडीचा नव्हे, आणि तोही कंपनी आपला आपण लावते. जुन्या पी झिरोवर २२० होता, ह्याच्यावर ३०० आहे, म्हणून हा टायर दगडासारखा आहे असं थोडंच! शिवाय जांबोटी-कणकुंबीचा पाऊस ज्यानं बघितलाय त्यानं उथळ खाचांचे टायर घालून चोर्ला घाटात जाऊन दाखवावं, मी मागनं क्रेन घेऊन येतो.

आणि हे चार मिळवायला काय केलं ते आठवलं की विकायचा हात पुढं होत नाही. २०२० च्या जूनमधे बाहेरच्या टायरना सरकारनं लायसन्स लावलं तेव्हापासून आमच्या साईजचे हाल आहेत. पुढचे २५५/४० आर१९ (रुंदी मिलिमीटरमधे, बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि रिम किती इंची) एक वेळ मिळतात, मागचे २७५/४० आर१९ म्हटलं की दुकानदार छताकडं बघतो. एकानं २७५/३५ घ्या म्हणून इतका आग्रह केला, "साहेब, सेमच आहे." सेम कसलं? व्यास सत्तावीस मिलिमीटरनं कमी, म्हणजे गाडी मागनं जवळपास चौदा मिलिमीटर खाली, आणि आमच्या टिळकवाडीतले स्पीडब्रेकर काय त्या दुकानदाराचा बाप उतरवून देणार? दुसऱ्यानं बरोबर साईज दाखवली पण बाजूचे चार आकडे वाचले तर २२२०, म्हणजे २०२० सालचा बाविसावा आठवडा. तो म्हणाला, "गोडाऊनमधे सावलीत होते." असू देत सावलीत. शेवटी कोल्हापुरातनं आले, ताजे, आणि तिथल्या पोरानं नट गन मारून न सोडता टॉर्क रेंचनं मोजून २०४ एनएमला (न्यूटन-मीटर, पिळाचा जोर) बसवले. न सांगता! त्याला मी चहाला वेगळे पैसे दिले.

तर टायर ठेवायचा हे ठरलं, मग घसरतंय कशानं? अलाइनमेंट दोन वेळा बघितली, ठीक. चुकून आतली बाजू बाहेर बसली असेल म्हणून वाकून बघितलं, ह्या टायरची बाहेरची बाजू कोरड्याला आणि आतली ओल्याला अशी वेगवेगळ्या रबराची आहे ना, तर आउटसाइड बाहेरच होतं. गाडीतला ओल्या रस्त्यासाठीचा वेट मोड लावून बघितला, त्यात इंजिनच एवढं मवाळ होतं की घसरायला काही उरत नाही, म्हणजे तापावर उपाय थर्मामीटर फेकून देणे. हवा? हवा मी रोज बघत होतो. थंड टायरला ३२ पीएसआय. मला सगळे हवेवरनं चिडवतात इतका मी त्यात काटेकोर.

मग उद्यमबागला मित्राच्या शेडवर गेलो, त्याचं हायड्रॉलिक सिलिंडरचं काम आहे, पुढं काँक्रीटचं साफ अंगण. मागच्या टायरवर ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूचा जाड पट्टा ओढला आणि गाडी सरळ रेषेत हळू चाळीस-एक पावलं चालवली. मित्र हात पुसत बाहेर आला, "काय करूलालास मर्दा, रांगोळी?" खाली बसून बघितलं तर मधला खडू पार पुसलेला आणि दोन्ही खांद्यांना तीन-तीन बोटं खडू जसाच्या तसा पांढराशुभ्र. २७५ चा टायर, रस्त्याला टेकतंय निम्मं.

मित्रानं विचारलं, "हवा किती हाय?"

"बत्तीस."

"कशावरनं?"

तेव्हा पोटात कळ आली. माझं हवा मोजायचं जुनं काट्याचं गेज टायर बदलायच्या आठवड्यातच पडून फुटलं होतं, आणि त्याच्या जागी मी ऑनलाईन एक डिजिटल घेतलं होतं, निळा दिवा, दशांशापर्यंत आकडा, पेटीत वगैरे. नाव लिहीत नाही, पण महाग होतं. मित्राकडचं मोठं गेज ४०० बारचं, तो म्हणाला त्यावर तुझी हवा शून्यच दिसेल, मग आतल्या न्यूमॅटिकच्या बाकावरनं सात बारचं कॅलिब्रेट केलेलं टेस्ट गेज काढलं, कुठला तरी पितळी तुकडा जोडून व्हॉल्व्हला लावलं. काटा २.६५ वर. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, गुणा. ३८.४! चारी चाकांना तेच, माझं यंत्र मात्र छातीठोकपणे ३२.० दाखवतंय, पुढचं शून्य सुद्धा न चुकता. सेल बदलून बघितला, तरी ३२.०. म्हणजे मी रोज सकाळी उठून काळजीपूर्वक सहा पीएसआय जास्त भरत होतो, आणि जरा चालवून गरम झाले की चाळीसच्या वर जात असणार. डॅशवरचा दिवा हवा कमी झाली तर बोंबलतो, जास्त झाली तर गप्प, आणि आकडा काही माझ्या गाडीत दिसत नाही.

सगळ्यात झोंबलं ते पुढंच आहे. नेहमीच्या पंपावरचा अण्णा मला दोनदा म्हणाला होता, "सर, अडतीस तोरस्तदे (दाखवतंय), जास्ती आहे." मी त्यालाच सांगितलं की तुझा काटा गेलाय. आता तिकडं जाऊन त्याला कुंदा देऊन आलोय, त्यानं हसून घेतला आणि परत एकदा हवा चेक केली.

कुणीतरी म्हणेल जास्त हवेनं ओल्यात उलट फायदा. बरोबर, पाण्यावर तरंगायचा प्रकार हवा जास्त असली की उशिरा चालू होतो, पण तो मोठ्या स्पीडचा खेळ. माझं पन्नासच्या आत घसरत होतं, तिथं खाचांचा काही संबंध नाही, रबरच कमी टेकत होतं आणि वरनं इंजिनचा ५१५ एनएमचा पिळ.

खऱ्या ३२ वर आणून परत खडू मारला, ह्या वेळी कडेला करंगळीएवढा राहिला बस. आणि परवा परत वळीव आला, मी जेवण अर्धं टाकून उठलो, बायको म्हणाली "जावा, तुमचं लग्न त्या गाडीशीच झालंय," तोच सर्व्हिस रोड, तोच दुसरा गिअर, तोच पाव थ्रॉटल. काही नाही. मग अर्धा दिला. एकदा दिवा लुकलुकला आणि गाडी सरळ पुढं! ओल्या रस्त्यावर पावणेदोन टनाचं धूड असं चिकटून गेलं की मी एकटाच गाडीत "हाय की, हाय की" करत होतो.

हवेच्या नादात अजून एक हिशोब लागला तो सांगतो, गोव्याला जाणाऱ्यांना उपयोगी. आपलं बेळगाव साडेसातशे मीटरवर. इथं ३२ भरून खाली समुद्राला गेलात तर तापमान तेच धरलं तरी गेज सव्वा-एक पीएसआय कमी दाखवणार, कारण खाली बाहेरच्या हवेचा दाब जास्त. पण खाली सहा-सात डिग्री उकाडा जास्त असला तर तो त्यातला साधारण एक पीएसआय भरून काढतो. म्हणून घाट उतरल्यावर घाईनं भरायची नाही. आणि सकाळचं ऊन ज्या बाजूला लागतं तिकडचे टायर जास्त दाखवतात, सावलीतच मोजा. ३० वर आणू काय असाही विचार आला होता, पण चोर्ल्याचे खड्डे आणि १९ चा रिम, नको.

आता प्लॅन. लिहायला बसलो तेव्हा "हे झिजले की परत हेच" असं लिहिणार होतो, पण व्यासाचं गणित करता करता डोक्यात आलं की चारी बाजूला २७५/४० का नको? बाहेरचे मस्टँगवाले सर्रास घालतात, पुढचा रिम नऊ इंची आहे त्यावर बसतो, पुढं-मागं अदलाबदल करता येईल म्हणजे मागचेच दोन सारखे बदलायला नकोत, आणि गाडी पुढनं आठ मिलिमीटर वर येते, म्हणजे स्पीडब्रेकर! एबीएसला (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) पुढच्या-मागच्या चाकाच्या व्यासात २.३ टक्क्यांचा फरक ठाऊक आहे, तो गेला तर ते काय म्हणेल ह्याचा अभ्यास चालू आहे, कुणी केलं असेल तर सांगा. स्ट्रटला (चाकाच्या आतल्या बाजूचा सस्पेन्शनचा खांब) घासतंय काय ते मात्र आधी बघायचं. शेजारी गणपतीचं काम आताच चालू झालंय, काकांकडनं मूठभर शाडू मागितलीय. रविवारी स्ट्रटवर गोळा चिकटवून स्टिअरिंग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवणार, किती चेपतो बघू. काका म्हणाले, "घे की, पण गाडीला सोंड लावू नको म्हणजे झालं."