केदारकांठा जानेवारीत: रोजचं हवामान, रोजचा बर्फ आणि हातात ठेवलेला एक जास्तीचा दिवस

नाशिकरोडला पंजाब मेलमध्ये बसलो तेव्हा निफाडचा पारा सहावर आला होता आणि मामा रोज पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवत होते. त्यांच्याच बागेतला मिनिमम-मॅक्सिमम थर्मामीटर मी मागून घेतला, कारण मला बर्फात जाऊन नुसते फोटो आणायचे नव्हते, रोज सकाळ-संध्याकाळ थंडी, वारा, ढग, बर्फ सगळं वहीत लिहायचं होतं. आम्ही पाच जण, सगळे सह्याद्रीत फिरणारे, हरिहर, अंजनेरी, साल्हेर पायाखालचे, पण बर्फावर पाऊल कुणाचंच पडलेलं नव्हतं. आपल्याकडून दरवर्षी इतकी पोरं उत्तराखंडातल्या केदारकांठ्याच्या बर्फातल्या ट्रेकला जातात म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

दिल्लीहून रात्रीच्या बसने डेहराडून, तिथून ट्रेक जिथून सुरू होतो ते सांकरी गाव साधारण 200 किमी पण दिवस जातो, मसुरी, पुरोला, मोरी करत. पुरोल्याच्या पुढं नेटवर्कचा भरवसा धरू नका, हवामान खात्याच्या डेहराडून केंद्राचं बुलेटिन आणि जिल्हावार यलो-ऑरेंज अलर्ट पुरोल्यातच बघून स्क्रीनशॉट काढून ठेवा. आम्हाला त्यात दोन दिवसांनी वेस्टर्न डिस्टर्बन्स दिसत होता, आपल्या पेपरात ज्याला पश्चिमी विक्षोभ लिहितात तो, म्हणजे पश्चिमेकडून येणारी ढगाळ, पाऊस-बर्फाची हवा. हिमालयातला हिवाळ्यातला बर्फ बहुतेक यानेच पडतो, आणि तो पुढं सरकला की उत्तरेचे कोरडे गार वारे खाली येतात आणि मग आपल्याकडं नाशिक गारठतं.

आता एक हिशोब नीट लक्षात घ्या. मोबाईलमध्ये दिसतं ते सांकरीचं तापमान, आणि सांकरी आहे साधारण 1,950 मीटरवर, माथा 3,810 वर. हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश उतरतात, म्हणजे सांकरीत शून्य असेल तर वर उणे 12 धरा आणि वारा त्याच्यावर वेगळा. पण हे गणित रात्री दरवेळी लागू पडत नाही, आणि हे निफाडवाल्यांना सांगायला नको. आकाश निरभ्र असलं, वारा पडलेला असला की थंड हवा जड होऊन खोलगटात जाऊन बसते, गोदाकाठच्या बागा गारठतात आणि वर गडावर तेवढा गारठा नसतो. आमच्या पहिल्या मुक्कामाचं तळं, जुडा का तालाब, असंच खोलगटात आहे. पहिल्या रात्री आमचा टेन्ट तळ्याच्या अगदी काठाला होता, थर्मामीटरने उणे 9 दाखवलं आणि थंडी नुसती मी म्हणत होती. दुसऱ्या दिवशी टेन्ट थोडा वर झाडीत हलवला. तुम्ही पहिल्यापासूनच वर लावा.

तिथवरच्या वाटेबद्दल एवढंच, की झाडीतल्या सावलीत बर्फ लोकांच्या पायांनी दाबून दाबून काचेसारखा झालेला असतो. खोल बर्फापेक्षा इथंच जास्त जण पडतात. मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटाला खालून लावायचे बारीक खिळे, सॅकच्या तळाशी नको, वरच्या कप्प्यात ठेवा आणि घसरायच्या आधी घाला.

त्याच रात्री चंद्राला खळं पडलं होतं, मोठं, स्वच्छ गोल. मामा खळं बघून पाऊस येणार म्हणतात ते मी लहानपणापासून ऐकतोय, आणि त्यात अर्थ आहे, विक्षोभाच्या पुढं उंचावर बर्फकणांचे पातळ ढग येतात त्यातूनच ते खळं दिसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता भुरभुर सुरू झाली ती रात्रभर. गंमत म्हणजे त्या रात्री थंडी कमी, उणे 4 फक्त, ढगांचं पांघरूण होतं ना. पण झोप नाही, दर दोन तासांनी आतून टेन्टला धपाधप मारून बर्फ खाली पाडायचा, आणि टेन्टची हवा खेळायची जागा बर्फानं बुजू द्यायची नाही. टेन्टच्या आत स्टोव्ह तर अजिबात पेटवायचा नाही.

सकाळी आकाश असं निळं की डोळ्यांना लागत होतं. ट्रेकिंग पोलवर मी घरूनच दर 10 सेंटीमीटरला काळी टेप लावून नेली होती, मोकळ्या जागी खुपसला तर नवा बर्फ 35 भरला. एकदम कोरडा, मुठीत दाबला तरी लाडू वळत नव्हता. सगळ्यांना वर जायची घाई, आमच्यातला सिडकोचा मित्र तर बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पायाला लावायचे गेटर बांधून तयार. आमचे गाइड, ज्यांना आम्ही भैजी म्हणायचो, ते काही बोलले नाहीत, आम्हाला शेजारच्या उतारावर घेऊन गेले, हाताने ढोपरभर खड्डा खणला आणि कडेला दाखवलं: वर भुसभुशीत नवा थर, त्याखाली जुना, उन्हात वितळून परत गोठलेला, बोटाने टकटक वाजणारा. मग त्यांनी मागून तळहाताने हलकं ओढलं, तर वरचा थर एकसंध तुकडा होऊन त्या कडक थरावरून सरकन खाली आला. कडप्प्यावरून पुठ्ठा सरकावा तसा. वर कड्यावरून वाऱ्यानं बर्फाचा धूर उडत होता, म्हणजे तो बर्फ उचलून दुसऱ्या बाजूच्या उतारावर साठत होता.

आम्ही त्या दिवशी माथ्याकडं निघालो नाही. केदारकांठ्याची वाट इतर ट्रेकच्या मानानं सोपी आहे, पण शेवटचा चढ उभा आहे, आणि हिमस्खलन जास्त करून 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतं, त्यातही नव्या बर्फानंतरचा पहिला दिवस सगळ्यात वाईट. याच उत्तरकाशी जिल्ह्यात 4 ऑक्टोबर 2022 ला द्रौपदी का डांडा शिखरावर हिमस्खलनात गिर्यारोहणाच्या प्रशिक्षणाला आलेली माणसं गेली ते आठवा, तिथं तर शिकलेली, तयारीची माणसं होती. म्हणून परतीचं रिझर्व्हेशन काढतानाच एक दिवस जास्तीचा धरा. ट्रेन चुकेल या धास्तीनं माणसं वर निघतात, हे मी त्या कॅम्पवर डोळ्यांनी पाहिलं आणि फार वाईट वाटलं.

त्या दुपारी हळूहळू बेसकॅम्पला सरकलो आणि पहाटे तीनला निघालो, उणे 13, वारा जवळपास नाही, वरचा बर्फ रात्रीत दाबून बसलेला. अर्ध्या चढावर एकाच्या पायाची बोटं आधी दुखत होती आणि मग एकदम दुखायची थांबली. दुखणं थांबलं की बरं वाटतं, पण तीच धोक्याची खूण. भैजींच्या जोडीदारानं त्याला लगेच खाली नेलं, कोरडे मोजे घातले, त्याचे पाय स्वतःच्या पोटाशी धरून बसला. बर्फानं चोळू नका, शेकोटीलाही धरू नका, बधिर कातडी भाजलेली कळत नाही. बूट सांकरीत भाड्याने घेतलेले होते आणि दोन जोड मोजे घालून ते घट्ट झाले होते, रक्तच फिरत नव्हतं. एक नंबर मोठा घ्या.

आम्ही चौघं सातच्या सुमारास वर. स्वर्गारोहिणी, काला नाग, बंदरपूँछ, आणि माथ्यावर रोवलेला त्रिशूळ अर्धा बर्फात. वीस मिनिटांत उतरायला लागलो, कारण दहानंतर ऊन लागून बर्फ मऊ पडतो आणि पाय मांडीपर्यंत जातो. काळा चष्मा ढग असले तरी घाला.

बाकी बारीकसारीक: सुती कपडा एकही नको, घाम सुकत नाही. पाण्याची बाटली उलटी ठेवा, बर्फ वरून धरतो म्हणजे झाकण मोकळं राहतं. मोबाईल, पॉवर बँक आणि उद्याचे मोजे रात्री स्लीपिंग बॅगमध्ये. डोकं दुखून मळमळायला लागलं तर वर नाही, खाली. आणि वही पेन्सिलीनं लिहा, माझ्या पेनची शाई दुसऱ्याच रात्री थिजली आणि पुढचे आकडे मी भैजींच्या पेन्सिलीनं लिहिले.