कापराचा पूल: रेणू रेखाटनाच्या छंदातली ताजी नोंद

रेणू रेखाटायच्या सॉफ्टवेअरवर मसाल्याच्या डब्यातले रेणू काढून झाले. मिऱ्यातलं पायपरिन, लवंगेतलं युजेनॉल, हळदीतलं कर्क्युमिन, सगळ्यांची वलयं, म्हणजे अणूंच्या बंद साखळ्या, टेम्प्लेटवरूनच निघाली. तयार वलय निवडून आधीच्या बंधावर क्लिक केलं की नवं वलय तीच बाजू वाटून घेतं. पायपरिनमधली पंचकोन-षट्कोनाची जोडी अशी एका क्लिकमध्ये जुळली. मग देवघरातला कापूर घेतला आणि तीन संध्याकाळी त्यातच गेल्या.

चित्रात वलयाचा प्रत्येक कोपरा म्हणजे एक कार्बन; कापरात षट्कोनाचे समोरासमोरचे दोन कार्बन सातव्या कार्बनने जोडलेले असतात. वलयावरून टाकलेला पूलच तो. त्या पुलावर दोन मिथाइल (एक कार्बन आणि त्याचे तीन हायड्रोजन), पुलाच्या एका टोकाला तिसरा मिथाइल आणि त्या टोकाशेजारी दुहेरी बंधाने ऑक्सिजन. ही रचना युलिउस ब्रेट यांनी १८९३ साली मांडली. पडद्यावर अनडू हाताशी असतानाही मला ती बसवताना घाम फुटला, म्हणून त्यांच्याबद्दलचा आदर दुणावला आहे.

टोक वर असलेला साधा षट्कोन टाकला आणि पुलाचा कार्बन बरोबर मध्यावर ठेवला. षट्कोनात मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर बाजूइतकंच असतं, त्यामुळे पुलाचे दोन्ही बंध मापात बसतात. घोटाळाही तिथेच आहे. मध्यावरून पूर्ण लांबीचा मिथाइल आडवा काढला तर तो वलयाची बाजू छेदून बाहेर डोकावतो. थोडा तिरपा केला तर त्याचं टोक थेट कोपऱ्यातल्या कार्बनवर पडतं आणि सॉफ्टवेअर दोन्ही अणू एकच धरतं. चित्र दिसायला ठीक होतं, पण रेणुसूत्रात कार्बन ९ आणि हायड्रोजन १२ आले. हवे होते १० आणि १६. एक मिथाइल गिळला जाऊन तिसरं वलय तयार झालं होतं.

तेव्हापासून प्रत्येक चित्रावर हा हिशेब करते: हायड्रोजन सोडून बंध मोजायचे (दुहेरी बंधही एकच धरायचा), त्यातून अणू वजा करायचे आणि एक मिळवायचा. कापरात बंध १२, अणू ११, म्हणजे वलयं २. उत्तर ३ आलं तर कुठेतरी नको ती गाठ बसली आहे. तुम्हीही करून बघा, भल्यामोठ्या रेणूतसुद्धा चूक लगेच सापडते. मिथाइलच्या रेघा शेवटी आखूड केल्या आणि पूल जरा बाजूला सरकवला. जोडणी वाचताना सॉफ्टवेअर रेघेची लांबी बघत नाही.

पुढचा प्रश्न पाचरी बंधांचा, म्हणजे खोली दाखवणाऱ्या पाचरीसारख्या रेघांचा: ठळक पाचर आपल्याकडे येते, तुटक मागे जाते. पाठ्यपुस्तकात कापूर तिरक्या कोनातून, घरासारखा काढतात. डोळ्याला तो फार सुंदर दिसतो, पण सॉफ्टवेअरला तिथली खोली कळत नाही. त्याला पाचरच लागते. म्हणून आता मी दोन चित्रं ठेवते, एक बघण्यासाठी आणि एक सॉफ्टवेअरसाठी. दुसऱ्यात पुलाच्या दोन्ही टोकांपासून ठळक पाचरी काढल्या, निमुळतं टोक वलयाच्या कार्बनवर. मिथाइलवालं टोक वर आणि ऑक्सिजनचा कार्बन त्याच्या डावीकडे ठेवला, तेव्हा दोन्ही केंद्रं, म्हणजे डावी-उजवी ठेवण ठरवणारे दोन्ही कार्बन, 'आर' आली ('आर' आणि 'एस' ही त्या दोन ठेवणींची नावं). कापराच्या झाडातून मिळणारा कापूर तोच. दोन्ही पाचरी तुटक केल्या की त्याचं आरशातलं रूप मिळतं. पण एक ठळक आणि एक तुटक करू नका. सॉफ्टवेअर निमूटपणे 'आर' आणि 'एस' लिहून मोकळं होतं, आणि तसा कापूर अस्तित्वातच असू शकत नाही, कारण एवढासा पूल वलयाच्या एका टोकाला वरून आणि दुसऱ्याला खालून पोहोचत नाही. दोन केंद्रं असल्यामुळे कागदावर चार रूपं होतात, प्रत्यक्षात दोनच.

आणखी एक. बाजारातला बराचसा कापूर टर्पेंटाइनपासून बनवतात आणि त्यात सहसा ही दोन्ही रूपं सारखीच मिसळलेली असतात. आरतीच्या वडीचं चित्र काढायचं असेल तर पाचरी न दाखवणंच बरोबर.

आता कापराचा जवळचा नातेवाईक, बोर्निऑल, घेतलं आहे. ऑक्सिजनचा दुहेरी बंध एकेरी केला की तिथे हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) येतो, हायड्रोजन १८ होतात आणि तिसरं केंद्र तयार होतं. हायड्रॉक्सिल पुलाच्या बाजूला वळला तर आयसोबोर्निऑल, विरुद्ध बाजूला वळला तर बोर्निऑल. काल रात्री पहिल्या फेरीत माझं आयसोबोर्निऑल निघालं. पाचर उलटून परत बघते आहे.